द्राक्षरस, ऊसरस आणि गुळातलं ग्लुकोज मोजणारा पातळ थराचा एन्झाइम सेन्सर: घडवण्यापासून तपासणीपर्यंत

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतोच. तो ब्रिक्स दाखवतो, म्हणजे रसात विरघळलेलं सगळं मिळून किती ते. त्यात ग्लुकोज किती, फ्रुक्टोज किती, हे त्याला कळत नाही. कराड-वाळव्याकडच्या गुऱ्हाळाची अडचण निराळी. तिथे रसातलं सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज किती झालं यावर गुळाचा रवा (ढेप) टणक राहणार की पावसाळ्यात पाणी सोडणार हे ठरतं. या दोन्ही ठिकाणी नेमकं ग्लुकोज मोजणारा सेन्सर उपयोगी पडतो. सातारा-सांगलीतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो हातानं बनवता येतो. एम.एस्सी.चे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि साखर प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी ही कृती दिली आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हा सेन्सर रक्तासाठी नाही. हातानं बनवलेल्या इलेक्ट्रोडच्या आकड्यावर कुणाच्याही औषधाचा किंवा इन्सुलिनचा निर्णय घ्यायचा नाही. उलट, घरातल्या ग्लुकोमीटरची पट्टी रसात बुडवून बघण्याचा मोहही टाळावा. पिकलेल्या द्राक्षाच्या रसात डेसिलिटरला साधारण १०,००० मिलिग्रॅम ग्लुकोज असतं आणि बहुतेक ग्लुकोमीटर ६०० च्या पुढे मोजत नाहीत. रस पातळ केला तरी त्या यंत्राचं गणित रक्त गृहीत धरून बसवलेलं असतं, त्यामुळे येणाऱ्या आकड्याला आधार राहत नाही.

थरात काय घडतं

१९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी एन्झाइम आणि इलेक्ट्रोड एकत्र आणण्याची कल्पना मांडली. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी एन्झाइम जेलमध्ये अडकवून तो इलेक्ट्रोडवर बसवला. आपण करणार ते त्याच वाटेवरचं आहे. ग्लुकोज ऑक्सिडेज हा एन्झाइम, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं विकर, ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळतो. तो ग्लुकोजचं ग्लुकोनोलॅक्टोन करतो आणि त्या ओघात ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. आपण मोजतो ते पेरॉक्साइड.

पेरॉक्साइड थेट प्लॅटिनमवर मोजायचं तर ०.६ ते ०.७ व्होल्ट द्यावे लागतात. तेवढ्या व्होल्टेजला क जीवनसत्त्व आणि फिनॉलसारखे पदार्थही विद्युतप्रवाह देतात. फळांच्या रसात हे दोन्ही भरपूर, म्हणून ती वाट आपल्या कामाची नाही. त्याऐवजी कार्बनवर आधी प्रशियन ब्लूचा थर द्यायचा. हा निळा पदार्थ पेरॉक्साइडचं क्षपण (त्याला इलेक्ट्रॉन देणं) ०.० व्होल्टलाच घडवतो आणि त्या पातळीला बाकीचे पदार्थ जवळजवळ गप्प राहतात. कमी खर्चात यापेक्षा चांगली रचना आम्हाला तरी दिसत नाही.

म्हणजे रचना अशी: सगळ्यात खाली कार्बन, त्यावर प्रशियन ब्लू, त्यावर एन्झाइमचा जाळीदार थर आणि गरज असेल तरच वर नॅफिऑन या पॉलिमरचा आणखी एक पातळ पापुद्रा. सेन्सर बिघडला की बहुतेक वेळा दोष या थरांमध्येच असतो. लोक मात्र आधी यंत्र आणि तारा तपासत बसतात.

साहित्य

तीन इलेक्ट्रोड एकाच पट्टीवर छापलेले मिळतात, ते घ्या: मध्ये ४ मिलिमीटर व्यासाचा कार्बनचा कार्यकारी इलेक्ट्रोड, बाजूला कार्बनचा पूरक आणि चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड. पट्टी सिरॅमिकची किंवा १०० अंश सेल्सिअस सोसणाऱ्या प्लॅस्टिकची हवी, कारण ती ओव्हनमध्ये जाणार आहे.

महाविद्यालयात पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र, असेल तर उत्तम. नसेल तर एलएमपी९१००० ही तयार चिप, व्होल्टेजचा आकडा करून देणारा १६ बिटचा एडीएस१११५ आणि एखादा मायक्रोकंट्रोलर एवढ्यावर मोजणी होते. आपल्याला ०.० व्होल्ट हवेत, म्हणजे चिपचा बायस (इलेक्ट्रोडला दिलेलं व्होल्टेज) शून्य टक्के. आतला शून्यबिंदू ५० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे प्रवाह कुठल्याही दिशेचा असला तरी मोजता येतो. ३५० किलोओहमचा रोध निवडला की १ मायक्रोअँपिअरला ०.३५ व्होल्ट मिळतात. पुढे येणाऱ्या प्रवाहांसाठी हे पुरेसं आहे.

एन्झाइम विकत घेताना थोडे जास्त पैसे लागले तरी शुद्ध प्रतीचाच घ्या. स्वस्त, कच्च्या प्रतीच्या ग्लुकोज ऑक्सिडेजमध्ये दोन भेसळी सापडतात. पहिली कॅटलेज. आपण जे पेरॉक्साइड मोजणार तेच ते खाऊन टाकतं. दुसरी इन्व्हर्टेज, आणि ऊसरसासाठी ही जास्त घातक. इन्व्हर्टेज सुक्रोज फोडून थरातच नवं ग्लुकोज तयार करतं आणि सेन्सर ते रसातलं म्हणून दाखवतो. द्राक्षात सुक्रोज फार नसतं, तिथे हे लक्षातही येत नाही. उसाच्या रसात लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास सुक्रोज असतं, तिथे सगळं गणित कोसळतं.

बाटली शीतपेटीतून मागवा आणि उणे २० अंशाला ठेवा. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. जून-जुलैत कराड-पाटणच्या दमट हवेत थंड बाटली उघडली की भुकटीवर लगेच पाणी धरतं.

द्रावणं

बफर, म्हणजे सामू (पीएच) स्थिर ठेवणारं द्रावण, सगळ्यात महत्त्वाचा. सोडिअमचा तयार पीबीएस (फॉस्फेट आणि मिठाचा बफर) वापरू नका. प्रशियन ब्लूच्या जाळीत पोटॅशिअम आयन आत-बाहेर करतात. पाण्याचं वेष्टण घेतलेला सोडिअम त्या पोकळीत नीट मावत नाही आणि थर हळूहळू मोडतो. शिवाय पीबीएसचा सामू ७.४, म्हणजे प्रशियन ब्लू विरघळू लागतो त्या हद्दीजवळचा.

१ लिटर बफरसाठी पोटॅशिअम डायहायड्रोजन फॉस्फेट ४.५ ग्रॅम, डायपोटॅशिअम हायड्रोजन फॉस्फेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशिअम क्लोराइड ७.४५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. सामू मीटरवर ६.५ आणा. हे झालं ५० मिलिमोलर फॉस्फेट आणि ०.१ मोलर क्लोराइड. क्लोराइड नेमकं ठेवायचं कारण संदर्भ इलेक्ट्रोड त्यावरच टिकून असतो. ते बदललं की तुमचे ०.० व्होल्ट प्रत्यक्षात ०.० राहत नाहीत. सामू ६.५ ही तडजोड आहे. एन्झाइमला ५.५ सर्वांत मानवतो, तरी ६.५ लाही तो चांगला चालतो. बोअरचं पाणी कुठल्याही टप्प्यावर नको.

ग्लुकोजचं १०० मिलिमोलर मूळ द्रावण: निर्जल ग्लुकोज १.८० ग्रॅम बफरमध्ये घेऊन १०० मिलिलिटर करा. बाटलीवर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर १.९८ ग्रॅम घ्या. दुकानातली शक्तिवर्धक ग्लुकोज पावडर चालत नाही, तिच्यात इतरही घटक असतात. द्रावण केल्या केल्या वापरायचं नाही. रात्रभर खोलीत ठेवा, मग फ्रिजमध्ये. भुकटीतलं ग्लुकोज बहुतेक अल्फा रूपात असतं आणि एन्झाइम ओळखतो फक्त बीटा रूप. पाण्यात हळूहळू ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा असा समतोल होतो. ताज्या द्रावणावर प्रमाणरेषा (ग्लुकोज किती असताना प्रवाह किती, याची रेषा) काढली तर तिचा उतार कमी येतो, आणि मग रसातलं ग्लुकोज आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. फळाच्या रसात समतोल आधीच झालेला असतो. आठवड्यानंतर हे द्रावण टाकून नवीन करा, त्यात बुरशी वाढते.

प्रशियन ब्लूचा थर

पोटॅशिअम फेरिसायनाइड ०.३२९ ग्रॅम १० मिलिलिटरमध्ये आणि सहा पाण्याचं फेरिक क्लोराइड ०.२७० ग्रॅम वेगळ्या १० मिलिलिटरमध्ये विरघळवा. दोन्हीसाठी द्रावक १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. फेरिसायनाइड तीव्र आम्लात टाकायचं नाही आणि आम्लासह तापवायचं नाही, त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. उरलेलं द्रावण वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत साठवा. बेसिनमध्ये ओतू नका.

पट्टी आडवी ठेवून कार्यकारी इलेक्ट्रोडवर आधी फेरिसायनाइडचे ५ मायक्रोलिटर आणि त्याच थेंबात फेरिक क्लोराइडचे ५ मायक्रोलिटर सोडा. थेंब शेजारच्या संदर्भ इलेक्ट्रोडला लागता कामा नये. लागला तर ती पट्टी बाजूला काढा. हलकेच हलवून १० मिनिटं थांबा. १० मिलिमोलर आम्लानं धुवा आणि १०० अंशाला दीड तास ओव्हनमध्ये ठेवा. ही भाजणी टाळू नये. न भाजलेला थर पहिल्या काही मोजण्यांत चांगला दिसतो आणि नंतर बफरमध्ये निळसर होऊन सुटतो.

पोटेन्शिओस्टॅट असेल तर आता बफरमध्ये उणे ०.०५ ते अधिक ०.३५ व्होल्ट, सेकंदाला ५० मिलिव्होल्ट या वेगानं २० फेऱ्या द्या. शेवटच्या फेऱ्या एकावर एक बसल्या म्हणजे थर स्थिर झाला. नसेल तर ०.० व्होल्टवर १५-२० मिनिटं बफरमध्ये ठेवूनही काम भागतं, फक्त पहिल्या दिवशी तळरेषा, म्हणजे नमुना न घालता येणारा प्रवाह, जास्त सरकते.

एन्झाइम लावण्याआधी परीक्षा घ्या. औषध दुकानातलं ३ टक्के पेरॉक्साइड सुमारे ०.८८ मोलर असतं. ते बफरमध्ये शंभरपट पातळ करा आणि त्यातले १०० मायक्रोलिटर १० मिलिलिटर ढवळत्या बफरमध्ये टाका. प्रवाह काही सेकंदांत उडी मारून सपाट झाला पाहिजे. ज्या पट्ट्या इथे नापास होतील त्यांच्यावर महाग एन्झाइम वाया घालवू नका.

एन्झाइमचा थर: इथे घाई नको

तीन द्रावणं लागतील. ग्लुकोज ऑक्सिडेज मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातलं प्रथिन) मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, दोन्ही वरच्याच बफरमध्ये. आणि प्रथिनं एकमेकांना जोडून जाळी करणारा २५ टक्के ग्लुटराल्डिहाइड त्याच दिवशी दहापट पातळ करून २.५ टक्के. २ मिलिग्रॅम वजन करण्याइतका बारीक काटा नसेल तर १० मिलिग्रॅम एन्झाइम ५०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवून ५०-५० च्या नळ्या गोठवा. एक नळी एकदाच वितळवायची. ग्लुटराल्डिहाइडची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला झोंबते, म्हणून हातमोजे आणि फ्यूम हूड (वाफ ओढून घेणारं कपाट).

४० मायक्रोलिटर एन्झाइम आणि ४० मायक्रोलिटर अल्ब्युमिन एका छोट्या नळीत पिपेटनं सावकाश मिसळा. फेस येऊ देऊ नका, बुडबुडा थरात राहिला की तिथे भोक पडतं. पट्ट्या रांगेत मांडून झाल्यावरच शेवटी १० मायक्रोलिटर ग्लुटराल्डिहाइड घाला. यापुढे मिश्रण घट्ट होऊ लागतं, म्हणून दोन-तीन मिनिटांत प्रत्येक कार्बन वर्तुळावर ३ मायक्रोलिटर सोडून मोकळे व्हा. एवढ्या मिश्रणात वाया जाणारं धरून पंचवीसेक पट्ट्या होतात.

या ३ मायक्रोलिटरमध्ये एकूण ९३ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं. ४ मिलिमीटरच्या वर्तुळावर ते पसरलं की कोरडा थर साधारण ५ ते ६ मायक्रोमीटरचा होतो. जाडीचं हे गणित प्रत्येकानं एकदा करून बघावं. ‘जास्त एन्झाइम म्हणजे जास्त प्रवाह’ असं वाटून थेंब १० मायक्रोलिटरचा केला तर थर तिप्पट जाड होतो. पेरॉक्साइड वरच्या बाजूला तयार होतं आणि खाली निळ्या थरापर्यंत यायच्या आत बरंचसं बाहेरच्या द्रावणात निघून जातं. प्रतिसादाला काही सेकंदांऐवजी मिनिटं लागतात आणि प्रवाह वाढतोच असंही नाही.

वाळवणं हा सगळ्यात फसवा भाग. एप्रिलच्या कोरड्या हवेत सांगलीत पंख्याखाली ठेवलेला थेंब कडेनं आधी सुकतो, प्रथिन कडेला ओढलं जातं आणि मध्ये विरळ, कडेला जाड असं कडं तयार होतं. नंतर त्याला तडे जातात. म्हणून पट्ट्या झाकण असलेल्या पेट्री डिशमध्ये, कोपऱ्यात ओला कापूस ठेवून, तासभर खोलीत ठेवा आणि मग रात्रभर ४ अंशाला. पावसाळ्यात उलट: कापूस नको, आणि फ्रिजमध्ये डिशशेजारी सिलिका जेल ठेवा, नाहीतर सकाळीही थर चिकटच सापडतो.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये १० मिनिटं बुडवा, म्हणजे उरलेला ग्लुटराल्डिहाइड बांधला जातो. मग बफरनं धुवा. थर लावताना ट्रिस हा अमाइन गट असलेला बफर वापरला तर ग्लुटराल्डिहाइड त्याच्याशीच जोडला जातो आणि जाळी बनत नाही.

नॅफिऑन? आमचा सल्ला, पहिल्या खेपेला लावू नका. त्यातला अल्कोहोल एन्झाइमला त्रास देतो आणि त्याच्यामुळे मोजमापाची कक्षा वाढते ती आपल्याला लागत नाही, कारण रस हवा तेवढा पातळ करता येतो. गुळाच्या द्रावणानं थर वारंवार माखत असेल तरच ०.५ टक्के नॅफिऑनचे २ मायक्रोलिटर वर सोडून बघा.

प्रमाणरेषा

१० मिलिलिटर बफर, चुंबकीय ढवळणी एका ठरावीक वेगावर, ०.० व्होल्ट. तळरेषा सपाट होईपर्यंत थांबा. पहिल्यांदा १० मिनिटंही लागतील. मग मूळ द्रावणाचे १०, १५, २५, ५० आणि १०० मायक्रोलिटर एकापाठोपाठ घाला, दर वेळी प्रवाह स्थिर झाल्यावर. म्हणजे अंदाजे ०.१, ०.२५, ०.५, १ आणि २ मिलिमोलर. शेवटी आकारमान १०.२ मिलिलिटर झालेलं असतं, त्यामुळे खरा आकडा १.९६ आहे, गणितात तोच धरा.

वरच्या टोकाला रेषा वाकू लागली तर बहुधा कारण ऑक्सिजन. हवेशी संतृप्त पाण्यात २५ अंशाला तो फक्त ०.२५ मिलिमोलरच्या आसपास असतो आणि ग्लुकोज वाढलं की थरात तो संपतो. सरळ असलेल्या भागातच काम करा. खोलीचं तापमान लिहून ठेवा. सकाळची प्रमाणरेषा दुपारी ३८ अंशाला वापरली तर उत्तर जास्त येणार. शक्य असेल तर भांडं पाण्याच्या बाऊलमध्ये ठेवून तापमान धरून ठेवा.

खरे नमुने

द्राक्षं: घडाच्या वरचे, मधले आणि टोकाचे मणी मिळून रस काढा, गाळा. २० ब्रिक्सच्या रसात लिटरला साधारण १०० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ५५५ मिलिमोलर. १० मिलिलिटर बफरमध्ये त्याचे फक्त २० मायक्रोलिटर टाका, म्हणजे ५०१ पट विरलन. लगेच त्यावर मूळ द्रावणाचे ५० मायक्रोलिटर घाला आणि वाढ बघा. समजा रसानं ०.६० मायक्रोअँपिअर दिले आणि ०.५ मिलिमोलर वाढीनं ते ०.८७ झाले. उतार ०.५४, ग्लुकोज १.११ मिलिमोलर, ५०१ नं गुणलं की ५५६ मिलिमोलर, म्हणजे लिटरला १०० ग्रॅम. नमुन्यातच प्रमाण द्रावण घालायची ही पद्धत प्रत्येक वेळी वापरा, कारण रसातल्या इतर घटकांचा परिणाम उतारातच धरला जातो.

ताळा करायचा असेल तर लेन-आयनॉन या टायट्रेशनच्या पद्धतीनं एकूण अपचायक शर्करा (इथे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून) काढा. पिकलेल्या द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ सारखं असतं, म्हणून सेन्सरचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास यायला हवा. कच्च्या मण्यांत ग्लुकोजचं पारडं जड असतं.

ऊस: तोडीनंतरचे तास नमुन्याबरोबर लिहा. उसाचं स्वतःचं इन्व्हर्टेज आणि जिवाणू मिळून तुटलेल्या उसात सुक्रोज फोडत राहतात, आणि काढलेल्या रसात हे आणखी वेगानं होतं. म्हणून रस काढल्याबरोबर उकळत्या पाण्यात नळी ५ मिनिटं धरा, बर्फात थंड करा, गाळा. १० मिलिलिटर बफरमध्ये २०० मायक्रोलिटर घ्या. रसवंतीचा रस घेतला तर आलं-लिंबू नसलेला सांगा.

ऊसरसाआधी एक चाचणी कराच: सेन्सर चालू असताना शुद्ध सुक्रोजचं द्रावण १० मिलिमोलर होईल एवढं घाला. छोटी उडी येऊन रेषा सपाट झाली तर साखरेत ग्लुकोजचा अंश होता, चिंता नाही. प्रवाह सावकाश चढतच राहिला तर एन्झाइममध्ये इन्व्हर्टेज आहे. ती खेप द्राक्षांसाठी ठेवा, उसासाठी नको.

गूळ: १ ग्रॅम गूळ १०० मिलिलिटर बफरमध्ये विरघळवून गाळा आणि त्यातला १ मिलिलिटर ९ मिलिलिटर बफरमध्ये टाका. रंग उजळ करायला हायड्रॉस (सोडिअम हायड्रोसल्फाइट) वापरलेला असेल तर उरलेलं सल्फाइट पेरॉक्साइड संपवतं आणि ग्लुकोज कमी दिसतं. गंधकाची धुरी दिलेल्या बेदाण्याचंही तेच. अशा नमुन्यात उतार नेहमीपेक्षा बराच कमी आला तर आणखी पातळ करून पुन्हा मोजा. दोन विरलनांची उत्तरं जुळेपर्यंत आकडा वहीत पक्का लिहू नका.

प्रवाहच येत नसेल तर

आधी पेरॉक्साइड टाका. प्रतिसाद आला तर निळा थर ठीक, दोष एन्झाइमच्या थरात: एन्झाइम मेलेला, ग्लुटराल्डिहाइड जास्त, किंवा थर धुताना निघून गेलेला. पेरॉक्साइडलाही प्रतिसाद नसेल तर पट्टीचा रंग बघा. निळा फिका पडला असेल तर बफरचा सामू मोजा. रंग शाबूत असेल तर मात्र संदर्भ इलेक्ट्रोड आणि जोडणी तपासा. प्रवाह येतो पण थरथरतो, तर ढवळणीचा वेग, पंखा आणि ५० हर्ट्झचा गोंगाट. भांड्याभोवती ॲल्युमिनिअम फॉइल गुंडाळून ती अर्थला जोडली की बराच फरक पडतो.

एका खेपेतल्या पाच पट्ट्यांचे उतार काढा. हातानं केलेल्या कामात त्यांच्यातला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर खेप चांगली. वापरात नसताना पट्ट्या कोरड्या, सिलिका जेलसह ४ अंशाला ठेवा. दर वेळी काम सुरू करण्याआधी १ मिलिमोलर ग्लुकोजवर तपासा आणि उतार पहिल्या दिवसाच्या ७० टक्क्यांखाली गेला की ती पट्टी वापरातून काढून फेरिसायनाइडच्याच कचऱ्यात टाका.